घरात म्हातारं माणूस आहे का?

जगाच्या पाठीवर असा एकही देश नसेल, जिथल्या निदान एका घराच्या मोरीत गरम पाणी येतं की नाही हे माझ्या साडभाऊंना ठाऊक नाही. लिस्बनच्या कुठल्या गल्लीत चढ आहे आणि त्या चढावर जिना न चढता पोचता येईल अशी खोली कोणाकडे मिळते, जपानात कोणती म्हातारी पाहुण्यांना घरचं लोणचं वाढते, इस्तंबूलच्या कोणत्या घरात गच्चीवर कपडे वाळत घालू देतात, हे सगळं ते वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून, वांग्याच्या रोपांना पाणी घालता घालता सांगतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. सारी नोकरी त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात काढली. कोणती गाडी कुठे किती वेळ थांबावी याचा त्यांना नाद होता. निवृत्त झाल्यावर मुलीने त्यांना चांगला मोबाइल घेऊन दिला आणि भाऊजी आर्वी-पुलगावच्या थांब्यांवरून थेट जगाच्या मुक्कामांवर जाऊन पोचले.

मुक्काम शोधायची त्यांची पद्धत जगावेगळी आहे. तुम्ही-आम्ही लोकांनी केलेलं कौतुक वाचतो. भाऊजी फक्त तक्रारी वाचतात. कौतुकाला त्यांच्या लेखी काही किंमत नाही. "सगळेच चांगलं म्हनून राह्यले, म्हनजे कायतरी गडबड हाये," असं म्हणून ते पुढे सरकतात. पण कोणी लिहिलं असेल की पहाटे कोंबडा आरवतो आणि झोपमोड होते, की भाऊजींचे डोळे चमकतात. "कोंबडा हाये म्हनजे अंगन हाये. अंगन हाये म्हनजे कपडे वायतील." एका जर्मन बाईने तक्रार केली होती की मालकीण सारखी काहीतरी खायला आणून देते. भाऊजी त्या बाईवर दिवसभर चिडलेले होते. "इले जाचं कुठी होतं मंग, उपाशी मराले?" स्वस्त या शब्दाचाही त्यांना राग आहे. स्वस्त म्हणजे हलकं, असं ते म्हणतात. त्यांना हवं असतं ते 'पुरतं'. पलंग पुरता, पाणी पुरतं, आणि मालकाचा जीव पुरता. हॉटेलांचं तर नावच काढू नये. "पैसे देऊन परकं होनं मले नाई जमत बाप्पा."

एखादं घर पसंत पडलं, की भाऊजी मालकाला प्रश्न पाठवतात. मराठीत बोलायचं आणि मोबाइलने त्याचं भाषांतर करायचं, अशी सोय आता आहेच. त्यांचे प्रश्न ठरलेले. दाराशी चपला काढतात का? सकाळी पहिला चहा कोण करतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: घरात म्हातारं माणूस आहे का? म्हाताऱ्या माणसावर त्यांचा भारी विश्वास. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे दिवा वेळेवर लागतो, शिळं कोणी वाढत नाही आणि पाहुण्याला कोणी घड्याळ दाखवत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. जगभरचे घरमालक हा प्रश्न वाचून बिचकतात. कोणी लिहितं, 'नाही, काळजी करू नका, आम्ही सगळे तरुण आहोत.' ते घर तिथेच बाद.

या सिद्धांताचा फटका आंजीच्या आमच्या एका भाच्याला बसला. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन बालीला निघाला होता आणि मुक्कामाचं काम त्याने मोठ्या विश्वासाने भाऊजींवर सोपवलं. भाऊजींनी जीव ओतून घर शोधलं. घर देखणं होतं, दाम वाजवी होते, आणि शेजारच्याच खोलीत मालकाची आजी होती. ती आजी रोज उजाडता उजाडता नव्या जोडप्याचं दार ठोठावून फणसाची भाजी देऊन जायची. संध्याकाळी ते फिरून येईपर्यंत ओसरीवर बसून राहायची. भाचा परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. "मामाजी, हनिमूनले गेलतो का मावशीकडे गेलतो, मलेच समजत नाई," तो म्हणाला. भाऊजींना वाटलं, स्तुती चालली आहे.

पण या सगळ्या खटाटोपामागे एक कारण होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. वर्ध्याला मोठे दवाखाने आहेत. त्यामुळे आंजीपासून आर्वीपर्यंतच्या साऱ्या सोयऱ्यांना भाऊजींचं घर म्हणजे उतरायचं हक्काचं ठिकाण. कोणाची माय भरती असते, कोणाची सून, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन असतं. पेशंट दवाखान्यात आणि बाकीचे ताईकडे. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी. पहाटे पाणी तापवायचं, पोहे करायचे, वॉर्डात डबा पाठवायचा, रडणाऱ्याला समजवायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याने चार घास खायचे, यात तिचे केस पिकले. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. भाऊजींच्या मनाला मात्र ते लागून होतं. एकदा ते मला म्हणाले, "साडभाऊ, हिले एकदा पाहुनी म्हनून न्याचं हाये. हिनं बसून खाल्लं पाहिजे अन् दुसऱ्यानं वाढलं पाहिजे. हाटेलात नाई. तिथं वेटर वाढते, त्याले पगार हाये. कोनाच्या तरी घरी."

मी म्हटलं, "मग बोरगाव मेघेला आमच्याकडे या की चार दिवस."

"तुमच्या घरी ते पयले कनिक भिजवते," भाऊजी म्हणाले. आणि ते खरंच होतं. ताई आमच्याकडे आली की पर्स ठेवायच्या आधी स्वयंपाकघरात शिरते. पुण्याला लेकीकडेही तेच. भाऊजींनी याचा खोल विचार केला होता. जिथल्या चुलीचं तिला काही समजणार नाही, जिथली भाषा येणार नाही, जिथे एकही सोयरा निघणार नाही, असंच घर पाहिजे. म्हणजे परदेशच पाहिजे! बायकोला दोन घास बसून खाता यावेत म्हणून देशाची हद्द ओलांडायला निघालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

जाणं मात्र घडत नव्हतं. बेत पक्का होत आला की गावाहून फोन यायचा, "वहिनी, मायले उद्या भरती कराचं हाये." ताई लगेच म्हणायची, "या ना, काऊन विचारता?" आणि भाऊजी पुन्हा ओट्यावर येऊन नव्या हंगामाची घरं शोधायला लागायचे. अशी श्रीलंका गेली, नेपाळ गेला, एक ग्रीसही गेला. शेवटी त्यांची मुलगी पुण्याहून येऊन बसली. "जो येईल त्याला मी पोहे करून घालते, तुम्ही निघा," असं तिने बजावलं, आणि आम्ही चौघं, म्हणजे दोन बहिणी आणि दोन साडू, व्हिएतनामला निघालो.

भातशेतीतलं गाव होतं. घर भाऊजींनी बाराच्या बारा तक्रारी वाचून निवडलेलं. 'घरात म्हातारं माणूस आहे का' या प्रश्नावर तिथल्या नातसुनेचं उत्तर आलं होतं, 'आजी आहे, पण ती कोणाला त्रास देत नाही.' आजी ठेंगणी, पान खाऊन ओठ रंगलेली, आणि नजर अशी की आमच्या चपलांची दिशासुद्धा तिने एकदा सरळ केली.

पहिल्याच सकाळी मला खराट्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन पाहतो तर ताई पदर खोचून अंगण झाडत होती. पायरीवर भाऊजी बसले होते. त्यांचा चेहरा पडला होता. "एवढ्या दूर आनली, अन् हिले इथंही खराटाच सापडला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हरलेलं पाहिलं नव्हतं. मला थट्टा सुचत होती, पण ती मी गिळली.

तेवढ्यात आजी आली. तिने खराट्याचं दुसरं टोक धरलं आणि आपल्या भाषेत ताईला झापायला सुरुवात केली. ताई वऱ्हाडीत म्हणत होती, "अवो राहू द्या ना माय, मले सवय हाये." आजी सोडेना, ताईही सोडेना. कोणालाच मोबाइलची गरज पडली नाही. अखेर आजी जिंकली. ताईला तिने हाताला धरून लाकडी बाजेवर बसवलं आणि समोर गरम भात, पालेभाजी, भाजलेले शेंगदाणे असं एकेक मांडत गेली. ताई उठू लागली की आजीचा हात तिच्या खांद्यावर. ताट रिकामं होईपर्यंत ती बाई तिथून हलली नाही. ताईने मांडी घालून सगळं संपवलं आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "बाई, कोनी वाढलं की भात वेगळाच लागते वो." भाऊजी एरवी गप्प बसणारे नव्हेत. पण ते उठले, कोपऱ्यातल्या नळाकडे गेले आणि पाण्याला जोर किती आहे हे बराच वेळ पाहत राहिले.

तिथून दुपारी निघालो. पुढचा मुक्काम शहरात, नदीकाठी. ती खोली म्हणजे भाऊजींची सर्वांत मोठी शिकार होती. 'खिडकीसमोर झाड आहे, नदी नीट दिसत नाही,' या एका तक्रारीमुळे तिचा भाव पडला होता. आता रद्द केली तर पैसे परत नाहीत, अशी अट होती. तिचा फोटो अर्ध्या सिंदी मेघेने पाहिला होता. निघताना ताईने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि सांगितलं, "येतो आम्ही, आजी." मोबाइल त्यांच्या भाषेत बोलला. आजीने मान डोलावली, काहीतरी विचारलं. मोबाइल म्हणाला, 'संध्याकाळी?' भाऊजी घाईने सांगू लागले, "तसं नाई, म्हनजे आम्ही जा..." ताईने त्यांचा हात दाबला. "निघताना जातो म्हनू नोका." विषय तिथेच संपला. आम्ही हात हलवत गाडीत बसलो.

नदीकाठची खोली छान होती. भाऊजींनी नळ सोडला, गरम पाणी आलं. झाडही होतं. ते आम्हाला पलंग दाबून दाखवत होते, इतक्यात मोबाइल वाजला. नातसुनेने फोटो पाठवला होता. त्याच बाजेवर चार ताटं, वर झाकणं, आणि दाराशी आजी. खाली मजकूर: 'भात निवतो आहे. तुम्ही कुठपर्यंत आलात?'

आपल्या बोलीतल्या साध्या निरोपाच्या शब्दावर कोणी चार माणसांचा भात शिजवेल, हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ताई फोटोकडे पाहत राहिली. आयुष्यभर झाकलेली ताटं घेऊन तीच दुसऱ्यांची वाट पाहत आली होती. "आपुन येतो म्हनलं होतं," ती एवढंच म्हणाली.

भाऊजींनी नळ बंद केला. एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे. मग बॅगा उचलल्या. "पैसे गेले तं गेले बाप्पा. चला."

त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं आहे, यावर सिंदी मेघेत आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आजी दारातच होती. उशीर का झाला म्हणून तिने आम्हाला रागावलं असावं. भात पुन्हा गरम झाला. ताई न सांगता बाजेवर जाऊन बसली, आणि मला त्यावेळी भाऊजींचा हेवा वाटला, हे सांगून टाकतो.

दुसऱ्या सकाळी मात्र ताईने मोबाइल हातात घेतलाच नाही. आजीपुढे वाकली. आजीने तिच्या मुठीत विडा दिला. ‘येतो’ मात्र ताईने म्हटलं नाही. गाडी भाताच्या बांधावरून बरीच पुढे गेल्यावर ती रडायला लागली. "येतो म्हनलं असतं, तं तिनं पुन्हा भात मांडला असता," ती म्हणाली. "अन् कधी म्हनून विचारलं असतं, तं मी काय सांगनार होती?" भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते.

आता सिंदी मेघेतलं घर पूर्वीसारखंच भरलेलं असतं. भाऊजी इतरांसाठी घरं शोधतात, पण ग्रीसचं वगैरे नाव निघालं तरी त्यांचं लक्ष नसतं. ताई पोहे करते, डबे पाठवते. पेशंटला सुट्टी झाली की पाहुणे पिशव्या उचलतात आणि दारातून म्हणतात, "येतो काकू." ताई पूर्वी नुसती मान हलवायची. आता ती अगदी साध्या आवाजात विचारते, "कधी?"

पाहुणा हसतो, मग जरा थबकतो. दवाखान्याचं काम नसताना आपण या घरी शेवटचे कधी आलो होतो, ते तो आठवत असावा. "बरं, येजो," म्हणून ताईच त्याला मोकळं करते, आणि फाटक वाजेपर्यंत दारात उभी राहते.