पाचव्या पानावरचं नाव

"वही टेबलावर ठेवा," संपादक म्हणाले.

मी ठेवली.

हे आधीच सांगते, कारण मी धीट वगैरे नव्हते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वरच्या माणसाने वही मागितली की द्यायची, एवढं शाळेपासून अंगात मुरलेलं.

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका दैनिकात मी दोन महिने उमेदवारी करत होते. संपादकांच्या केबिनमध्ये त्या दिवशी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीचा अधिकारी बसला होता. त्याच्या हातात माझी बातमी. त्या कंपनीत सांडपाण्याच्या टाकीत एका कंत्राटी कामगाराला दोरी, मास्क काही न देता उतरवलं होतं. तो आत बेशुद्ध पडला. हजेरीपुस्तकात मात्र त्या दिवशी तो गैरहजर. त्या पानाची झेरॉक्स मला एका माणसाने दिली होती. बातमीत मी त्याचं नाव लिहिलं नव्हतं.

अधिकाऱ्याने मला खालून वर पाहिलं. "तुमच्या वस्तीतलंच कोणी असणार. तुम्हा लोकांचं एकमेकांत बरं जमतं."

संपादक म्हणाले, "अहो, तुमचं नाव छापून आलं ना? आता ज्यांनी कागद दिला त्यांचंही येऊ द्या. त्यांनी काय घोडं मारलंय?"

अधिकारी हसला.

वहीत नाव होतं. ही माझी चूक. कॉलेजात सर्वेक्षणाला जायचो तेव्हा सरांनी सवय लावली होती : आधी पूर्ण नाव, वय, पत्ता, मग माहिती. मी इमानदारीने तसंच लिहिलं होतं. घर नंबरासकट.

अधिकाऱ्याने वही ओढली. पहिलं पान उलटलं. दुसरं. बोटाला थुंकी लावून तिसरं. नाव पाचव्या पानावर होतं.

"तुझ्यावर भरवसा आहे म्हणून देतोय," एवढंच ते माणूस मला म्हणालं होतं.

मी वही हिसकावून घेतली.

"नाव सांगणार नाही." वही पोटाशी धरून मी म्हणाले.

"पोलिसांना सांगशील," अधिकारी म्हणाला. "आमचे कागद चोरीला गेलेत."

संपादक माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका."

घरी येऊन ते पान फाडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कायदा शिकवणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "वृत्तपत्रांच्या परिषदेपुढे, म्हणजे प्रेस कौन्सिलपुढे, सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पोलीस, कोर्ट, तिथं तुला वाचवेल असा वेगळा कायदा नाही. एखादे न्यायाधीश समजून घेतात. एखादे नाही."

हा प्रश्न आम्हाला परीक्षेत आला होता. मी पाठ केलेलं उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते.

मग घरी पोलिसांची नोटीस आली. वर्गात कळलं. माझ्या बाकावर कुणी बसेना. भांडलं कुणीच नाही, फक्त जागा बदलल्या. डबा मी एकटीच खाते.

आई मार्केट यार्डात कांदा निवडते. नोटीस तिला वाचून दाखवली तेव्हा म्हणाली, "असं कोण लागून गेलंय गं? सांगून टाक की. आपल्या मागं कोण हाय?"

आईलाही नाव सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

ते माणूस कोण, कंपनीतलं की बाहेरचं, बाई की पुरुष, इथेही लिहिणार नाही. वरचं वाक्यही मी बदलून लिहिलं आहे. आमची कधी गाठ पडली तर दोघंही मान वळवतो. तसंच ठरलंय. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याशीही बोलता येत नाही. त्याची नोकरी मात्र अजून आहे.

सूत्राचं नाव राखू देणारा कायदा झाला पाहिजे. पण तो होईपर्यंत लोकांनी तोंड शिवून बसायचं का?

सोमवारी पोलीस ठाण्यात बोलावलंय. आई येते म्हणाली, मी नको म्हटलं. ती रडली तर माझा धीर सुटेल. मी एकटी जाईन. पान फाडलं, हे सांगेन. बातमी खरी आहे, हेही सांगेन. नाव सांगणार नाही. कोर्टात उभं केलं तर तिथेही नाही.