मल्लम्मानं ओढलेलं मीठ

अहमदपूरच्या आठवडी बाजारात मल्लम्माचं मिठाचं पोतं कुठं असतं, हे आंधळ्यालाही ठाऊक होतं. कपाळावर ठसठशीत विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंड असं की गिऱ्हाईकानं घासाघीस करायच्या आधी दोनदा विचार करावा. नवरा गेल्यावर बैलाच्या पाठीवर मीठ लादून तिनं पार देगलूरपर्यंतची गावं तुडवली. पुढं लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादचा हेलपाटा टळला म्हणून लोकांनी पेढे वाटले, आणि पाठोपाठ दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, बाजार ओस पडला. तरी मल्लम्माचं पोतं रिकामं व्हायचंच. ताटात नुसती अंबाडी असली तरी तिला मीठ लागतंच की.

शेजारचा मिरचीवाला गुरुबसप्पा मात्र तिला डिवचायचा. त्याची मिरची त्याच्या रानातली, समोरच्याचा गूळ त्याच्या गुऱ्हाळातला.

"तुझं काय हाय गं मल्लम्मा? पिकविलं कुनी, वाहिलं कुनी, तू निस्ती तराजू धरून राहिलीस."

ती उलटा टोला द्यायची, पण बोल आत रुतून बसायचा. जन्मभर जे विकलं ते पिकतं कसं, हेच तिला माहीत नव्हतं. एकदा तरी आपल्या हातानं मीठ काढायचं, असं तिच्या मनानं घेतलं.

भाचा वीरभद्र कोकणातून मीठ आणणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. ऐन उन्हाळ्यात ती त्याच्या शेजारी चढून बसली ती बसलीच. लांबचा रस्ता, बाईमाणूस, असं तो कुरकुरत राहिला. गाडी सुटली तरी ही उतरली न्हाई.

मिठागर खाडीतल्या एका बेटावर होतं. होडीत मल्लम्मानं डोळे मिटून लिंग मुठीत धरलं. बेटावर उतरून बघती तर नजर जाईल तिथवर खाऱ्या पाण्याचे वाफेच वाफे, अन् कडेला छप्पर उडालेलं दगडी कोठार. फिरंग्यांच्या काळापासून इथं मीठ निघतंय, असं वीरभद्र म्हणाला. तिथली कर्ती बाई नागूबाय. वाफ्यांत बाया लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढून ढीग लावत होत्या. मल्लम्मानं तिच्याकडं तसली एक फळी मागितली. नागूबायनं नाही म्हणून मान हलवली. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असतो. परक्याचा पाय पडला की फुटतो अन् मिठात चिखल येतो. बघायचं तेवढं बघ म्हणाली, आणि कामाला लागली.

हिरमुसलेली मल्लम्मा बांधाबांधानं फिरत राहिली. एका पाटाचं तोंड उघडं दिसलं. पाणी खळखळत खाडीला चाललेलं. गावात घागरभर पाण्यापायी बाया तळपत्या उन्हात टँकरची वाट बघत होत्या, आणि इथं पाटच्या पाट वाया. पाणी खारं आहे हे ठाऊक असूनही तिचा जीव कळवळला. पदर खोचला, दोन्ही हातांनी चिखल उपसला, तोंड गच्च बुजवलं. मोठं पुण्य केल्यागत हात झटकले.

ते भरतीचं जादा पाणी मुद्दाम सोडलेलं होतं. वाट बंद झाली तसं ते फुगलं, मीठ धरलेल्या वाफ्याच्या बांधाला भिडलं आणि बांधाला चीर गेली. एवढं कच्चं, न आटलेलं पाणी आत शिरलं असतं तर तयार मीठ विरघळलंच असतं. लांबून नागूबाय ओरडत धावली.

मल्लम्माला सांगावं लागलं न्हाई. नवरा असताना बागायतदारांच्या उसाला पाणी द्यायला रातरातभर दारं धरलेली बाई ती. आधी पाटाचं तोंड लाथेनं मोकळं केलं, मग पाटात बसून चिरेत चिखल ठासला आणि पाणी उतरेस्तोवर गुडघा लावून दाबून धरला.

नागूबायनं वाफा बघितला. मीठ जिथल्या तिथं होतं. मग तिनं चिखलातल्या पायखुणा बघितल्या. सगळ्या बाहेरच्या अंगाला. वाफ्यात एक बोटसुद्धा टेकलं नव्हतं.

"यवरी घाई, तरी आत पाय कसा नाय टाकलास?"

"पेरल्या वाफ्यात कुनी पाय देतंय का, बाई? चूक माजीच हाय. आमच्याकडं वाया चाललेलं पानी दिसलं की हात गप बसत न्हाईत."

 पाय धुऊन ये, नागूबाय म्हणाली, आणि फळी तिच्या हातात दिली.

मल्लम्मा वाफ्यात उतरली. पाणी चटकत होतं. तिनं फळी पुढं टाकून अंगाकडं ओढली. हलेना. दुसऱ्यांदा जोर लावला तसं करकर वाजत पाण्याखालून पांढरंशुभ्र मीठ वर आलं. ती ओढत राहिली. ढीग गुडघ्याला लागला तेव्हा थांबली, कमरेवर हात ठेवला आणि भर बाजारात द्यावी तशी आरोळी दिली.

"घ्या मीठ, मल्लम्माचं मीठ!"

मिठागरातल्या बाया काम टाकून बघायला लागल्या. नागूबाय हसत पुढं आली, तिनं पदर पसरला.

"वाढ बाय. मापानं नको, वंजळीनं दे."

मल्लम्मानं दोन्ही हातांनी भरभरून घातलं.