ओहोटीची वेळ साधून

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

मी फौजदार होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या वाडीतली एक म्हातारी ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने बाकावर बसवलं, तर ती तरातरा थेट माझ्या टेबलाशी.

"साहेबानू, मतदारयादीतना माझा नाव कापलानी. मी काय मेलेली हाय?"

वाडीतल्या बऱ्याच बायकांची नावं अशीच गेली होती. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. होड्या लावायची जागा बळकावणाऱ्या पुढाऱ्याला त्यांना पाडायचं होतं.

त्या वर्षी एक तात्पुरता नियम लागू होता. ज्या मतदारांची माहिती अपुरी, त्यांच्या घरी दोनदा जायचं. भेटले नाहीत तर पंचनामा करून नाव वगळायचं. घरोघर गेलेला कर्मचारी घाटावरून नुकताच बदलून आलेला. जबाब देताना रडकुंडीला आला.

"साहेब, दोन्ही वेळा घरांना कुलपं होती. एकदा सकाळी गेलो, एकदा भर दुपारी. वेळ पुढाऱ्यांनीच ठरवली."

त्यांनी का ठरवावी? मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून दोन्ही दिवसांच्या तिथ्या पाहिल्या. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथीवरून पाणी कळतं. दोन्ही वेळा ऐन ओहोटी! तेव्हा वाडीतल्या झाडून साऱ्या बायका खाडीतल्या खडकांवरून कालवं, म्हणजे शिंपले, काढत असतात. घाटावरच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

पुढाऱ्याला बोलावलं. खुर्चीत रेलून म्हणाला, "घरा बंद होती. पंचांच्या सह्या हायत. नियमात बसताय ना सगळा?"

"तुमची आई काय करायची?"

"कालवा काढायची."

"कधी?"

तो सरळ होऊन बसला. माझा हात शिवशिवत होता, कसाबसा आवरला. ज्या कालवांवर हा पोसला, त्यांचाच याने असा उपयोग केला होता.

मग पंचांना वेगवेगळं बसवलं. दोघेही बोलले. पुढाऱ्याने पाणी बघूनच दिवस नेमले होते. गुन्हा दाखल केला, दोषारोपपत्र पाठवलं. नावं परत आली, पण मतदान उरकल्यावर. पुढारी निवडून आला होता आणि तो तात्पुरता नियमही संपला होता.

नियम न मोडताही माणसाला लुबाडता येतं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पुढे कुठलाही पंचनामा हाती आला की आधी विचारायचो, "गेलात केव्हा?"

म्हातारी पुन्हा आली. कालवं फोडून चरे पडलेलं बोट तिने माझ्यापुढे धरलं. त्यावर शाई नव्हती.

"नाव आला, साहेबानू. आता मत खय टाकू?"