'व्हेरी'पर्यंतचा अधिकार

माफीकाका पेन्सिल दोन्ही टोकांनी तासायचे. फोन उचलण्याआधी घसा खाकरायचे. नोकरी लिफ्टच्या कंपनीत, पण वर यायचे जिन्यानं. आणि 'खूप' हा शब्द घरीदारी कुठेच वापरायचे नाहीत. चहा कसा झालाय विचारलं, की चांगला. संपलं.

आलेल्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. तिथली रीत अशी, की दिलगिरी हुद्द्याप्रमाणे. कारकुनानं 'व्हेरी सॉरी'पर्यंत जायचं. 'एक्स्ट्रीमली' साहेबांच्या सहीनं. 'डीपली' खुद्द मालकांकडून, तेही कुणाचं हाडबीड मोडलं तरच.

शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आली होती, साहित्याची पदवीधर. तिला आधी ही थट्टाच वाटली. मग काकांनी तिचं 'व्हेरी एक्स्ट्रीमली सॉरी' खोडलं. असे शब्द एकावर एक रचायचे नसतात, म्हणाले, भाजीत मीठ दोनदा पडतं. सांगता सांगता त्यांनी पेन्सिलीचं दुसरं टोक तासलं.

एकदा काकू याच कंपनीच्या लिफ्टमध्ये अडकल्या. अख्खी दुपार. सुटल्यावर त्यांनी रीतसर तक्रार धाडली, मी 'व्हेरी फ्युरियस' आहे म्हणून. ती नेमकी काकांच्या टेबलावर आली. काकांनी लाल पेन्सिलीनं 'व्हेरी' खोडलं. फ्युरियस म्हणजे मुळातच संतापाचा कळस, त्याला 'ॲब्सोल्युटली' शोभतं. तशी दुरुस्ती केली. खाली 'वुई आर व्हेरी सॉरी' लिहून सही ठोकली आणि कागद टपालात टाकला.

तो मिळाला त्याच दिवशी काकू बॅग भरून भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या तोंडून एक शब्द जास्तीचा निघाला, की कळवा. येईन."

काकांचं धाबं दणाणलं. खानावळीचा डबा तसाच परत जायला लागला. शेवटी त्यांनी साहेबांकडे घरगुती वापरासाठी 'एक्स्ट्रीमली' मागितलं. काही मोडलंय का, साहेबांनी विचारलं. तसं नाही, पण मोडल्यासारखं वाटतंय, काका म्हणाले. साहेबांनी मान हलवली. वाटण्याची तरतूद नव्हती.

मुलीला राहवेना. "अहो काका, काकूंशी मराठीत बोला की. तिथं कुणाची सही लागते?"

काका थबकले. हे त्यांना सुचलंच नव्हतं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि मराठी शब्दांचा तक्ता आखायला बसले. मुलगी बघतच राहिली. 'फार' कारकुनाला दिला. 'अतिशय' साहेबांना. मग 'मनापासून' लिहिलं आणि पेन्सिल हवेतच थांबली. हा कुणाच्या अखत्यारीत? त्यांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. भिंतीवरच्या मालकांच्या फोटोकडे पाहिलं. मुलीकडेही पाहिलं.

काका उठले. ऑफिस सुटायला अजून अवकाश होता. चष्मा टेबलावरच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच ते लिफ्टनं खाली गेले.

तक्ता अजून तिथंच आहे. 'मनापासून'पुढचा रकाना कोरा.