मधेच लागलेलं गाणं

मिरजगावात लग्न असो की जयंती, लाऊडस्पीकर अल्लाबक्षचाच. मांडवाच्या कडेला मांडी घालून तो बसायचा, हात बटणांवर. टेपवर गाणं असलं की आवाज जाड आणि मोठा ठेवायचा. कुणी माइक घेतला की गाणं खाली, आवाज पातळ, म्हणजे बोललेलं शेवटच्या माणसापर्यंत नीट पोचायचं. त्यामुळे पंगतीला तो कधी बसलाच नाही. सगळे उठल्यावर उरलंसुरलं खायचा.

"तू वऱ्हाडी न्हाईस, मांडवाचा खांब हायेस," त्याचा मित्र जालिंदर चिडवायचा. पंचाण्णव साली जालिंदरच्या लेकीचं, माधुरीचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने बजावलं, "ह्या येळी माझ्या शेजारी जेवायचं."

अल्लाबक्षने नगरहून सुटे भाग आणले आणि एक डबा तयार केला. माइकमध्ये आवाज आला की डबा आपोआप गाणं खाली घ्यायचा. माइक जरा वेळ गप्प राहिला की गाणं पुन्हा वर. साखरपुड्यात त्याने तो लावून पाहिला. एकदाही चुकला नाही.

जालिंदरची आई आक्काबाई मनाने गाणी रचायची, पण चार माणसांत म्हणायला लाजायची. नातीच्या पाठवणीचं गाणं तिने बांधलं होतं. अल्लाबक्षच तिच्या मागे लागला होता.

"आक्का, माइकवर म्हना. मी हाय ना बटनावर."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा टेम्पो निघायची घाई झाली. शेवटची पंगत बसलेली असतानाच पाठवणी सुरू झाली. अल्लाबक्ष उठू लागला, तर जालिंदरने त्याला हाताला धरून बसवलं. "तुझा डबा हाय की. खा."

आक्काबाईने दोन ओळी म्हटल्या. तिसरीला माधुरी गळ्यात पडली आणि म्हातारीचा कंठ दाटला. सगळा मांडव तिच्यासाठी थांबला. डब्याच्या लेखी मात्र बोलणं संपलं होतं. नाचाचं गाणं धाडकन वर आलं. मागे कुणीतरी हसलं. आक्काबाईने बटणांकडे पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं. टेम्पोच्या घाईत कुणीतरी गाणं लावून आपल्याला आवरतं घ्यायला सांगितलंय असं समजून तिने माइक शेजारणीच्या हातात दिला.

अल्लाबक्ष खरकट्या हातानेच धावला. तोवर माधुरी टेम्पोत चढली होती.

"मी तिथं असतो तर थांबलो असतो," तो जालिंदरला म्हणत राहिला. "रडत्या मानसावर गानं कोन लावतं?"

"बसवलं तर मीच तुला," जालिंदर म्हणाला.

डबा पुन्हा कधी लागला नाही. माधुरी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा अल्लाबक्ष नुसता माइक आणि मशीन घेऊन जालिंदरच्या अंगणात आला.

"आक्का, आता म्हना. हात माझेच हायेत."

आक्काबाईने नातीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाबा, ते जानाऱ्या पोरीचं हुतं. ही तर आली. आता कसं म्हनू?"

तिने त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. तो जेवला, पण मशीनशेजारीच बसून.