मुरगूडचा रस्ता आणि माझी उसाची खोड

मुरगूडला नणंदेकडे दोघांनी सायकलनं जायचं हे मी ठरवलं, आणि आमच्या ह्यांनी अट घातली. जाऊन-येऊन सायकलवर जमलं तर ठीक, मधेच टेम्पो करावा लागला तर ह्यांची सायकल विकून टाकायची. गेल्या वर्षी भर बाजारात थांबलेल्या एका मोटारीचं दार धाडकन उघडलं आणि हे रस्त्यावर आडवे झाले. खांद्याचं हाड जुळलं, पण सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. तीस वर्षं सायकलनं कामावर गेलेला माणूस कोपऱ्यावरचं दही आणायलाही स्कूटर काढायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. शहराबाहेर पडून कळंबा सोडेपर्यंत वर्दळ असते, म्हणून तुम्हीही लवकरच निघा. हेल्मेट, भडक जाकीट, मागे लाल दिवा आणि हँडलला आरसा, एवढं हवंच. रस्त्याच्या पार कडेला चिकटू नका. तिथं खडी असते, शिवाय मागचा मोटारवाला जागा आहे समजून घासून पुढे काढतो. हातभर आतून चालवा, वळायच्या आधी हात दाखवा, थांबलेल्या मोटारीपासून दार उघडेल एवढं लांब राहा. हे सगळं मी ह्यांना तोंडाचा पट्टा सोडून सांगत होते, आणि हे मात्र हॉर्न वाजला की उतरून साईडपट्टीवर उभे. असे किती वेळा उतरले ते मोजायचं मी सोडून दिलं.

इस्पुर्लीजवळ कटवडा आणि चहा घेतला, दोघांचं शंभर-सव्वाशेत भागलं. हॉटेलवाल्यानं आमची वयं बघून, गाडी बंद पडली काय म्हणून काळजीनं चौकशी केली. हौस म्हणून आलोय म्हटल्यावर त्यानं चहात जास्तीची साखर घातली.

पुढे रस्ता सुरेख आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे मधे गुऱ्हाळाचा वास. पण हंगाम म्हणजे कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, एकेकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले. एका चढावर असाच एक ट्रॅक्टर गाणी लावून हळूहळू आमच्या उजवीकडून पुढे जायला लागला. कांड्या बाहेर लोंबत होत्या. आता काय सांगू! शाळेत असताना चालत्या गाडीतला ऊस ओढला नाही असं पोर आमच्याकडे सापडायचं नाही. बावन्न वर्षांची मी, सकाळपासून प्रवचन देणारी, पण हात गेलाच.

कांडं घट्ट अडकलेलं होतं. ते काही सुटेना, उलट मीच ओढली गेले. हँडल उजवीकडे फिरलं आणि दुसऱ्या ट्रॉलीचं चाक जवळ येताना दिसलं.

"सोड! हात सोड!" हे मागून ओरडले.

सोडला, आणि डावीकडे साईडपट्टीवर सपशेल आपटले. चाक हातभर अंतरावरून गेलं. ट्रॅक्टरवाला थांबून पळत आला. मी धड आहे हे बघितल्यावर त्याचा राग बाहेर पडला.

"अवो मावशी, मागितला असता तर अख्खी मोळी दिली असती की!"

मी मान खाली घातली. गुडघा फुटला होता. मीच ह्यांना म्हटलं, टेम्पो बघा. सायकल विकायची ती विका, मला घरी जायचंय. तेव्हा मला खरंच काही नको होतं.

ह्यांनी माझ्या सायकलचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं. गुडघ्याला रुमाल बांधला.

"टेम्पो न्हाय. तू पुढं हो, मी मागं ऱ्हातो."

मुरगूडपर्यंत हे माझ्या मागे होते, रस्त्याच्या कडेपासून हातभर आत. हॉर्न वाजायचे, हे उतरायचे नाहीत. नणंदेनं भाकरी आणि पावट्याची उसळ वाढली, गुडघ्याला हळद लावली आणि उसाचं ऐकून पोट धरून हसली. रविवारी त्याच रस्त्यानं परत आलो.

ह्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. कालच आम्ही रंकाळा तलावाकडे निघालो, तर मागून हॉर्न वाजताच पुढे चाललेल्या ह्यांचे खांदे आखडलेले मला दिसले. पण उतरले नाहीत. मीही गुपचूप आरशात मागची गाडी बघितली. आता भ्यायला आम्ही दोघं आहोत, त्यामुळे सायकल चालते.