डॉक्टरांच्या दाराबाहेरचं बाकडं

एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या नोकरीत बोलणं थोडं आणि बसणं फार. डॉक्टरांसमोर औषधाचं नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ त्यांच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर जातो. शेजारी दुसऱ्या कंपनीचा एमआर बसलेला असतो. बाजारात तो आपला वैरी, पण बाकड्यावर त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी आपली. त्यामुळे अकोला-अमरावती पट्ट्यात बॅग घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा, शिल्लक काय राहिली म्हणून. पैशाचं तो काही सांगणार नाही. किस्से मात्र विचारले, तर संध्याकाळ होईल.

आमच्या बाकड्यावर चौघं कायमचे. मी, विजू राऊत, मनीषा गावंडे आणि सगळ्यांत सीनियर इंगळे. चौघांच्या कंपन्या चार, दु:खं एकच.

*

इंगळे मूळचे तेल्हाऱ्याचे, घरची कपाशीची शेती. त्यांच्या कंपनीचा नियम होता की टाय पाहिजेच. हा नियम करणारा माणूस अकोल्याला मे महिन्यात कधी आला नसावा. इंगळे डोक्याला ओला दुपट्टा बांधून मोटरसायकल चालवत आणि दवाखान्याच्या दारात दुपट्टा सोडून टाय बांधत.

एकदा अकोटला बसले असताना शेजारच्या म्हातारीनं टाय आणि बॅग पाहिली आणि आपल्या गुडघ्यांची सगळी कहाणी त्यांना सांगितली. इंगळ्यांचा स्वभाव असा, की मधे तोडवेना. कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का, सुनेला सांगितलं का, सगळं विचारलं. शेवटी म्हातारीचा नंबर लागला. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला बाहेर ऐकू आलं.

"बाहीरच्या डॉक्टरनं समदं आयकलं माह्यं," ती आत म्हणत होती. "तुमी फक्त गोया लिवा."

*

माझे वडील अमरावतीला भिक्षुकी करत. मुलगा शिकला, आता ऑफिसात खुर्चीवर बसेल, असं त्यांना वाटत होतं. मी झालो एमआर. पुढे एका महिन्यात माझं टार्गेट हुकलं आणि कंपनीनं प्रवासाची बिलं अडकवून ठेवली. पेट्रोल मी खिशातून घालत होतो. घरी जेवताना हे बोललो.

वडील पानावरचा भात कालवत होते. म्हणाले, "तूही दारोदार जातोस, मीही जातो. फरक एवढाच, मला दक्षिणा त्याच दारात मिळते."

मग आईला म्हणाले, त्याला तूप वाढ.

*

मनीषा अकोल्यातली पहिली बाई एमआर. ती आली तेव्हा आम्हाला वाटलं, महिनाभरही टिकणार नाही. तालुक्याला जायचं म्हणजे सकाळची एसटी, दिवसभर उन्हात पायपीट आणि संध्याकाळची एसटी. आम्हा पुरुषांची सोय कुठल्याही झाडामागे होते. तिची कुठे होणार? दवाखान्यांत संडास एक तर नसे, नाही तर कुलूप असे. पहिल्या उन्हाळ्यात ती पाणीच पीत नव्हती. एकदा मूर्तिजापूरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडली.

त्यानंतर तिनं वेगळंच काम सुरू केलं. गावात उतरलं की आधी दवाखाना नाही, एक घर शोधायचं. कुठे केमिस्टची आई, कुठे डॉक्टरांची बायको, कुठे शाळेतली बाई. त्यांच्याशी बोलायचं, चहा प्यायचा, पोरांच्या परीक्षा विचारायच्या. वर्ष उलटेपर्यंत प्रत्येक गावात तिचं एक घर झालं. आम्ही ज्या डॉक्टरांच्या दारात ताटकळायचो, त्यांच्या स्वयंपाकघरातून ती हात पुसत बाहेर यायची.

विक्रीत ती आमच्या पुढे गेली. नागपूरला तिच्या कंपनीची मीटिंग झाली, तिथे मॅनेजरनं तिला उभं करून विचारलं, की तुमचं कव्हरेज एवढं चांगलं कसं, एकही गाव सुटत नाही, जरा सगळ्यांना सांगा.

मनीषा म्हणाली, "सर, तुमच्या कव्हरेजमध्ये संडास नव्हते. ते मी शोधले. धंदा मागून आला."

लग्नानंतर ती नागपूरला गेली. जाण्याआधी त्या सगळ्या घरांनी तिची ओटी भरली. इतके खण झाले, की बॅगेतली सॅम्पलं काढून तिनं आम्हाला वाटली.

*

मग मोबाइलवर ॲप आलं. आपण कुठे आहोत, किती वेळ आहोत, सगळं मॅनेजरला बसल्या जागी दिसू लागलं. चहाच्या टपरीवर रेंगाळलं की फोन.

विजू एकदा आमच्यासोबत महानला गेला होता, धरणाकडच्या त्या गावात. ॲपचं काय बिनसलं कुणास ठाऊक, पण मॅनेजरच्या फोनवर विजूचा ठिपका दिसला तो सरळ काटेपूर्णा धरणाच्या पाण्यात. त्यांनी फोन करून झापलं, की तुम्ही ड्युटीवर पोहायला जाता का?

विजू आमच्यातला तोंडाळ. म्हणाला, "सर, या महिन्याचं टार्गेट पाहून तिथंच जायचं मनात होतं. ॲप आधी पोचलं."

आम्ही हसून बेजार. पलीकडून मात्र फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मॅनेजर नागपूरहून अकोल्याला हजर. विजूला वाटलं, नोकरी गेली. तर साहेब त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोशी बोलले, पोराला मांडीवर घेतलं. नंतर विजूला बाजूला नेऊन म्हणाले, असं पुन्हा गमतीतसुद्धा बोलू नको. विजूनं माफी मागितली. साहेब खाली पाहत म्हणाले, "अरे, माझाही ठिपका कोणीतरी पाहतोच ना."

*

इंगळे आमच्या युनियनचे सेक्रेटरी. कामाचे तास ठरवा, टार्गेट हुकलं म्हणून पगार अडवू नका, मोबाइलवरून माणसाच्या मागे लागू नका, अशा मागण्या घेऊन त्यांनी अकोल्याच्या कामगार कचेरीवर मोर्चा काढला. इस्त्रीचे शर्ट, पॉलिश केलेले बूट, प्रत्येकाच्या हातात बॅग. घोषणा द्यायला कोणी तयार नाही. विजूनं एकदा आवाज लावला, तर मागून कोणीतरी त्याला हळू बोल म्हणालं.

कचेरीत शिरलो. व्हरांड्यात बाकडी होती. कोणी काही सांगायच्या आत सगळे ओळीनं बसले आणि पहिल्यानं शिपायाला नम्रपणे विचारलं, साहेब केव्हा मोकळे होतील?

बऱ्याच वेळानं साहेब स्वतः बाहेर आले. त्यांना मोर्चा येणार असल्याचं कळलेलं होतं. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मोर्चा कुठे आहे?"

"आमीच, साहेब," इंगळे उभे राहिले.

"मग ओरडत का नाही?"

"सवय नाई," इंगळे म्हणाले. "आमाले वाट पायाची सवय हाय."

साहेबांनी त्यांना आत बोलावलं, चहा पाजला, निवेदन घेतलं. मागण्या अजून तिथेच आहेत.

*

मोर्चानंतर काही महिन्यांत इंगळ्यांची बदली आली. थेट आसामात. निवृत्ती जवळ आलेली, घरी आजारी आई. बदलीचं कारण सगळ्यांना माहीत होतं, कागदावर मात्र कामाची गरज असं होतं. इंगळे गेले नाहीत. कंपनीनं त्यांना काढलं. कोर्टात केस चालू आहे, आणि इंगळे तेल्हाऱ्याला शेती पाहतात.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो तर म्हणाले, आज गुरुवार, मले मूर्तिजापूरले जाणं हाय, चाल संग. माझी गाडी होतीच. निघताना त्यांनी जुनी बॅग घेतली. टाय बांधला.

मूर्तिजापूरला एक म्हातारे डॉक्टर आहेत. एके काळी त्यांच्या दारात आम्ही दिवस घालवलेत. त्यांची प्रॅक्टिस कधीच बंद झाली. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, पण रोज दुपारी ते केबिनमध्ये जाऊन बसतात आणि कोणी आलं नाही की बेचैन होतात; म्हणून इंगळे दर गुरुवारी येतात. हे सगळं मला त्यांच्या पत्नीनं दारातच हलक्या आवाजात सांगितलं.

इंगळे बाहेरच्या बाकड्यावर बसले. मीही बसलो. आत डॉक्टरांशिवाय कोणी नव्हतं. बराच वेळ गेला. वहिनी ओशाळून म्हणाल्या, जा ना आत, कशाला ताटकळता.

"राहू द्या वैनी," इंगळे म्हणाले. "पेशंट असतीन."

मग आतून घंटी वाजली. इंगळे आत गेले, मी दारात उभा राहिलो. त्यांनी बॅगेतून माहितीचं चित्रपुस्तक काढलं आणि एका खोकल्याच्या औषधाबद्दल बोलायला सुरुवात केली. ते औषध कंपनीनं केव्हाच बंद केलं आहे. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, गुंगी येत नाही, पोरांना चव आवडते. एक शब्द चुकला नाही. डॉक्टर नेहमीसारखे खिडकीबाहेर पाहत ऐकत होते.

बोलणं संपलं तशी त्यांनी मान वळवली आणि इंगळ्यांकडे नीट, ओळखल्यासारखं पाहिलं. मग जे विचारलं, ते एवढ्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं आम्हाला विचारल्याचं मला आठवत नाही.

"इंगळे," ते म्हणाले, "तुमची कंपनी तुम्हाला पगार नीट देते ना हो?"

इंगळ्यांनी पुस्तक मिटून बॅगेत ठेवलं. बॅगेची चेन लावली.

"देते, साहेब," ते म्हणाले. "टायमावर देते."